आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस

गोष्ट 2018 सालच्या हिवाळ्यातली. 27 नोव्हेंबरला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला लस द्यायची आणि त्यासाठी आरोग्य खात्याची माणसे शाळेत येणार, असे ठरले होते. आमच्या शाळेची तारीख आली. मी पालकांना संमतीपत्रके पाठवली, मुलांना न्याहारी करून यायला सांगितले. त्या दिवशी माझ्या वर्गात निम्मीसुद्धा मुले आली नाहीत.

फाटकापाशी एक आई भेटली. मुलीचा हात घट्ट धरून उभी होती. म्हणाली, "टीचर, वो सुई नक्को. मोबाईल पे आया है, लडकियों को आगे बच्चे नहीं होते बोलके."

मी काय उत्तर दिले? "सरकारचा आदेश आहे," एवढेच. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मुलीला घेऊन घरी निघून गेली.

रात्री झोप लागेना. ती बाई अडाणी नव्हती, हट्टीही नव्हती. तिला भीती वाटत होती आणि भीतीवर मी तिला हुकूम ऐकवला होता. खरे सांगायचे तर मला तिला समजावता आले नसते, कारण लस कशी बनते, कोण बनवतो, हे मलाच ठाऊक नव्हते. पोलिओच्या रविवारी बूथवर बसताना डोसाच्या बाटलीवर 'हाफकिन' हे नाव मी वाचलेले होते. औषधाच्या कंपनीचे असेल, असे समजून पुढे गेले होते. हाफकिन नावाचा एक माणूस होता आणि आपल्याच मुंबईत, आपल्याच लोकांच्या भीतीशी त्याची गाठ पडली होती, हे त्या आठवड्यात वाचले. वाचक भगिनी-बंधूंनो, तीच हकिगत आज तुम्हाला सांगते.

ताऊनचे दिवस

आमच्या घरात दादी 'ताऊनच्या साला'च्या गोष्टी सांगायची. तिनेही त्या तिच्या सासूकडून ऐकलेल्या. घरात उंदीर मरून पडले की लोक घराला कुलूप लावत, चूलभांडी घेऊन शेतात झोपडी करून राहत. जांघेत किंवा काखेत गाठ आली की माणूस दोन-चार दिवसांचा सोबती. मराठीत 'गाठीचा ताप', उर्दूत ताऊन, म्हणजेच प्लेग.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी हा रोग पहिल्यांदा ओळखला. बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. फेब्रुवारी 1897 मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. शिपाई आणि गोरे सोल्जर घरात शिरून झडती घेऊ लागले. आजारी माणसाला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामान अंगणात. पडद्यातल्या बायकांनाही परक्या माणसांपुढे तपासणीसाठी उभे केले गेले. पुण्यात याच जुलमाच्या रागातून 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. जुलूम आणि खिदमत, दोन्ही एकाच शहरात चालले होते.

अशा वातावरणात अफवा पिकल्या नसत्या तरच नवल. इस्पितळात माणसाला मारून त्याच्या शरीरातून 'मोमियाई' काढतात, अशी आवई उठली. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. 9 मार्च 1898 रोजी रिपन रोड भागात जुलाहा विणकरांच्या वस्तीत तापाने आजारी असलेल्या एका मुलीला न्यायला पथक आले. घरच्यांनी अडवले, वस्ती धावून आली आणि शहरात दंगल पेटली.

ते विणकर आपलेच लोक होते. वाचताना मला फाटकातली ती आई आठवली. तिच्या मोबाईलवर आलेली अफवा आणि सव्वाशे वर्षांपूर्वीची मोमियाई, दोघींची आई एकच होती: ज्याने आपल्याला कधी विचारले नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

ओडेसाचा वाल्डेमार

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 सालचा. काळ्या समुद्राकाठचे ओडेसा शहर तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होते. घराणे ज्यू. त्या राज्यात ज्यूंवर हल्ले होत, घरे लुटली जात. तरुण हाफकिन आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि तुरुंगात गेले. त्यांचे गुरू प्राध्यापक मेचनिकॉफ यांनी रदबदली करून त्यांना सोडवले. पुढे विद्यापीठात पद मिळण्याची वेळ आली, तेव्हा धर्म बदलण्याची अट पुढे आली. हाफकिन यांनी पद नाकारले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हाफकिन डॉक्टर नव्हते. त्यांचे शिक्षण प्राणिशास्त्राचे. मायदेश सोडून ते आधी जिनिव्हाला आणि मग पॅरिसला गेले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवातीला मिळाले ते ग्रंथालयातले काम. पुस्तके सांभाळता सांभाळता त्यांनी प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जंतूंवर काम सुरू केले. 18 जुलै 1892 रोजी आपण तयार केलेली कॉलऱ्याची लस त्यांनी पहिल्यांदा स्वतःला टोचली. ताप आला, उतरला. मग मित्रांना टोचली.

कॉलऱ्याचे घर तेव्हा हिंदुस्तान मानले जाई. मार्च 1893 मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्तानात सुमारे 42,000 लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या एका झोपडपट्टीत तलावाच्या पाण्यातून कॉलरा पसरला होता. तिथल्या सुमारे 200 रहिवाशांपैकी 116 जणांनी टोचून घेतले. नंतर जे नवे रुग्ण निघाले, ते सगळे न टोचलेल्यांतले होते. स्वतः हाफकिन मात्र मलेरियाने खंगले आणि उपचारासाठी त्यांना युरोपात परतावे लागले. पुन्हा आले, तोवर मुंबईत प्लेग सुरू झाला होता.

एक खोली आणि एक व्हरांडा

ऑक्टोबर 1896 मध्ये हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्याच साधनांवर प्लेगची लस बनवायची होती. दिवसरात्र कामामुळे एक मदतनीस खचला, दोघे सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत.

त्यांची रीत मुलांना समजेल इतकी सोपी आहे. बाटलीत मांसाचा रस्सा घ्यायचा, वर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबांना धरून वाढतात आणि खाली लोंबू लागतात. काही आठवड्यांनी बाटली गरम करून सगळे जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंचे हे पाणी म्हणजे लस.

वर्गात मी हे आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यावरून सांगते. उपळ्या बुरुजावर पहारेकरी उभा आहे. दुश्मनाचा पोशाख त्याने कधी पाहिलेला नसेल, तर दुश्मन वेशीतून आत येईपर्यंत त्याला कळणार नाही. पण एका मेलेल्या शिपायाचा अंगरखा त्याला आधीच दाखवून ठेवला, तर तो लांबूनच ओळखेल आणि नगारा वाजवील. लस शरीराला दुश्मनाचा अंगरखा दाखवते. तो पाहून शरीर जी तयारी करते, तिच्यामुळे थोडा ताप येतो, हात दुखतो.

आता रश्श्याची गोष्ट. युरोपात असा रस्सा गाईच्या मांसाचा करत आणि त्यात डुकराच्या पोटातला पाचक रस वापरत. हाफकिन यांनी मुंबईत दोन्ही वर्ज्य केले. हिंदूंचे मन दुखू नये आणि मुसलमानांना हराम वस्तूची शंका येऊ नये, म्हणून बकऱ्याचे मांस घेतले आणि ते विरघळवायला आम्ल वापरले. त्यांना कायदा तसे सांगत नव्हता. ज्याने स्वतः धर्मासाठी नोकरी सोडली होती, त्याला दुसऱ्याच्या ताटाची काळजी कळत होती.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना जेवढी देणार होते, त्याच्या कितीतरी पट जास्त. डॉक्टर साक्षीला होते. सणसणून ताप आला, अंग ठणकले, पण ते उठून कामाला लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी राजीखुशीने टोचून घेतले, त्यांची नंतरची स्थिती न टोचलेल्यांपेक्षा स्पष्टच चांगली राहिली.

आगाखानांचा बंगला

लस तयार झाली, पण लोक घेईनात. सरकारी माणसाच्या हातातली सुई कोण घेणार? हाफकिन युरोपियन, त्यातून परधर्मी. गोऱ्या डॉक्टरांमध्येही त्यांच्याबद्दल आकस होता. डॉक्टर नसलेल्या माणसाचे काय ऐकायचे, असे म्हणणारे कमी नव्हते.

अशा वेळी खोजा जमातीचे प्रमुख आगाखान तिसरे पुढे आले. त्यांचे वय तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. हाफकिन यांचे काम त्यांनी समजून घेतले. माझगावचा आपला 'खुश्रू लॉज' हा मोठा बंगला त्यांनी 1898 मध्ये प्रयोगशाळेसाठी दिला. मग आपल्या लोकांसमोर उघडपणे स्वतः लस टोचून घेतली आणि ही बातमी जमातीत सगळीकडे पोचेल, अशी व्यवस्था केली. मुंबईतल्या खोजा जमातीतल्या दहा-बारा हजार लोकांनी, म्हणजे जवळजवळ निम्म्या जमातीने, टोचून घेतले. प्लेगचे बळी त्या जमातीत पुढे पुष्कळ कमी झाले.

सरकारनेही हळूहळू धडा घेतला. जमातींना आपापली प्लेग इस्पितळे चालवायला परवानगी मिळाली. मुसलमानांची, खोजांची, हिंदूंची, पारशांची अशी इस्पितळे निघाली. आपली माणसे, आपले जेवण, बायकांसाठी पडदा. जे लोक सरकारी इस्पितळाच्या नावाने पळत होते, ते तिथे आपल्या पायांनी जाऊ लागले.

बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी 1898 च्या फेब्रुवारीत हाफकिन यांनी एकाच घरातल्या काहींना लस दिली, काहींना दिली नाही, म्हणजे फरक कळावा. नंतर प्लेग 28 घरांत शिरला. त्या घरांतल्या टोचलेल्या 71 माणसांपैकी 3 दगावली. न टोचलेल्या 64 पैकी 26 गेली. छप्पर तेच, चूल तीच, उंदीरही तेच. तरी हा फरक. लसीने सगळे वाचले नाहीत आणि हाफकिन यांनी तसा दावा केला नाही. धोका पुष्कळ कमी होतो, इतकेच ते म्हणत आणि आकडे समोर ठेवत. खरे बोलणाऱ्याची ही खूण आहे.

मलकोवालचे एकोणीस

10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्रयोगशाळेची मोठी वास्तू सुरू झाली. लाखो डोस बाहेर पडू लागले. आणि मग तो दिवस उगवला.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या मलकोवाल गावात 107 लोकांना लस टोचली गेली. त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. एकोणिसांनाही एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशी बसली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना कामावरून दूर केले, पगार थांबला. ज्या सरकारने त्यांना किताब दिला होता, त्यानेच त्यांना परत पाठवले.

पुढची काही वर्षे हा माणूस कागद घेऊन दारोदार फिरला. बाटली मुंबईहून निघताना स्वच्छ होती, हे पुराव्याने दिसत होते. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. शिवाय दूषण प्रयोगशाळेत झाले असते, तर बाटली उघडताच तिला घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. अखेर 1907 मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र छापून हाफकिन निर्दोष असल्याचे सांगितले. सरकारने त्यांना पुन्हा हिंदुस्तानात बोलावले, पण मुंबईची प्रयोगशाळा दिली नाही. कलकत्त्यात संशोधनाचे काम मिळाले, लस बनवण्याची मुभा नाही. 1914 मध्ये ते निवृत्त झाले आणि 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला एकाकी वारले.

मलकोवालची गोष्ट मी मुद्दाम लपवत नाही. लस देताना चूक होऊ शकते. ती एकोणीस माणसे कुणाची तरी आई होती, कुणाचा तरी बाप होती. त्या घटनेपासून जग शिकले की बाटली, सुई, चिमटा, हात, प्रत्येकाची स्वच्छता तितकीच मोलाची. आज प्रत्येकासाठी नवी सुई फोडतात आणि टोचल्यावर अर्धा तास थांबवून ठेवतात. त्या अर्ध्या तासाचा कंटाळा करू नये.

नाव राहिले

1925 साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. तोवर मुंबईतून प्लेगच्या लसीचे 2 कोटी 60 लाख डोस बाहेर पडले होते. तरीही त्या साथीत हिंदुस्तानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. लस नसती, तर आकडा कुठे गेला असता, ते अल्लाहलाच ठाऊक.

त्याच परळच्या आवारातून निघालेल्या हाफकिन महामंडळाने पुढे पोलिओचे डोस बनवले. माझ्या हातातली बाटली तीच. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालच्या हावड्यात सापडला. 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेतही आधी नकार होता, 'दो बूंद'बद्दल तीच अफवा होती. मशिदींतून आवाहने झाली, मोहल्ल्यातल्या बायका घरोघरी गेल्या, तेव्हा दारे उघडली.

आमच्या मुली-मुलांनी हेही लक्षात ठेवावे. 2020 मध्ये कोरोनाची लस ज्यांच्या कंपनीने काढली, ते उगुर शाहीन आणि ओझलेम ट्युरेजी हे जोडपे जर्मनीत राहणारे तुर्की घराण्यातले. दोघेही डॉक्टर. उगुर यांचे वडील मोटारीच्या कारखान्यात मजूर होते. या वाटेला मेडिकलचाच दरवाजा आहे असेही नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्यांनाही तिथे जागा आहे. आपल्याकडे परळचे हाफकिन आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, सीरम इन्स्टिट्यूट आहे. बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलीला 'डॉक्टर नाही झालीस तर काय' असे म्हणू नका. हाफकिनही डॉक्टर नव्हते.

पुन्हा फाटकापाशी

राहिलेल्या मुलांसाठी शाळेत दुसरा दिवस ठेवला होता. आदल्या दिवशी मी मोहल्ल्यात गेले, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. संमतीपत्रके नेली नाहीत. बायकांमध्ये बसले आणि बकऱ्याच्या रश्श्याची, खुश्रू लॉजची, मलकोवालचीही गोष्ट सांगितली. मूल होण्याशी या लसीचा संबंध असलाच तर तो उलटा आहे, हेही सांगितले. पोटुशी बाईला रुबेला झाला, तर पोटातले बाळ बहिरे, आंधळे किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकते. आज मुलीला टोचलेली लस उद्या तिच्या बाळाला सांभाळते.

एक म्हातारी म्हणाली, "तेरी बच्ची को दी क्या?"

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, दुसऱ्या शाळेत. तिथला लसीचा दिवस तापामुळे चुकला होता. दुसऱ्या दिवशी तिला आमच्या शाळेत आणले आणि रांगेत पहिली उभी केली. आया खिडकीतून बघत होत्या. मुलीने डोळे मिटले, टोचून घेतले, थोडी रडली, मग चॉकलेट मागू लागली. खिडकीत हशा पिकला.

फाटकातली ती आई मागे उभी होती. पुढे आली. "टीचर, बुखार आया तो?"

"येऊ शकतो," मी म्हणाले. "माझ्या मुलीलाही येईल. रात्री घाबरलात तर मला फोन करा, मी येईन."

तिने मुलीची बाही वर केली.

सगळी मुले आली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही आया शेवटपर्यंत आल्या नाहीत. 2022 च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवरची साथ आली आणि आपली लहान मुले दगावली. बरीचशी लस न घेतलेली होती. ती बातमी वाचताना मला न आलेल्या त्या मुलांची नावे एकेक आठवली. अल्लाहचा शुक्र, ती सगळी सुखरूप आहेत. पण नशिबावर सोडायची ही गोष्ट नाही. बाळाला गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. सरकारी दवाखान्यात तो मोफत आहे. आज रात्री घरातले लसीकरणाचे कार्ड काढून एकदा बघा.

आणि तुमच्या मोहल्ल्यात कुणी घाबरलेले असेल, तर त्याला हुकूम सांगू नका. आपल्या मुलाला आधी पुढे करा.

त्या रात्री साडेनऊला माझा फोन वाजला. तीच आई होती. "टीचर, बुखार नहीं आया. आपकी बच्ची को?"

माझ्या मुलीला आला होता.